बधिर बोटं

शिंप्याच्या बायकोने फोन शिलाई मशीनला टेकवून उभा केला. तो घसरला. तिने पुन्हा उभा केला.

“मला काय वेड लागलंय?” शिंपी म्हणाला. “बोलून का कॅन्सरची गाठ विरघळणार आहे?”

“अहो, डॉक्टरच म्हणाले ना, या दुखण्यात मनही थकतं म्हणून. घरबसल्या फोनवर त्या समुपदेशक बाईंशी बोलायचं. जिना उतरायला नको, रांगेत बसायला नको. माझ्यासाठी तरी बोला.”

त्याने पुन्हा घसरू लागलेल्या फोनकडे पाहिलं.

“बोलतो. पण फोन तू धरायचास. औषधांनी बोटं बधिर झालीत माझी.”

तेव्हापासून दर आठवड्याला ती फोन धरून त्याच्याजवळ बसू लागली. पडद्यावरची समुपदेशक लेकीच्या वयाची होती, पण तिला कधीच घाई नसायची. शिंप्याची मात्र नुसती टोलवाटोलवी. झोपेचं विचारलं की म्हणायचा, “ते हिला विचारा, जागी तीच असते.” भीतीचं विचारलं तरी तेच. बायको चिडायची आणि चिडून उत्तर द्यायची. रात्री त्याच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघते, हेही ती एकदा बोलून गेली. शिंपी तेव्हा खिडकीबाहेर बघत होता.

एका दुपारी ती चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिच्या स्वेटरचं तुटलेलं बटण घेऊन तो उजेडात बसला होता. त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका दमात सुईत ओवलं. टाकेही नेहमीसारखेच, बारीक आणि सरळ.

ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस! आपल्यामागे हिला बोलायला कुणीतरी असावं, म्हणून केवढं सोंग. ती चहा तसाच घेऊन मागे फिरली आणि ओट्याशी उभी राहून पोटभर रडली.

पुढच्या वेळी फोन वाजला.

“धर बाई,” तो म्हणाला. “बोटं काही ऐकत नाहीत.”

“हो, दिसतं ना मला,” ती म्हणाली आणि फोन घेतला.

“काका, आज कसं वाटतंय?”

तिने फोन स्वतःकडे वळवला.

“आज मी बोलते,” ती म्हणाली. “हे गेल्यावर...” एवढं तिने आजवर कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“बोला काकू. मी ऐकतेय.”

शिंपी भिंतीला धरून उठला, बाहेर गेला आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं.