अग्निसिद्ध शालीची शिवण

सभागृह खचाखच भरलं होतं. मंचावर गॅसची शेगडी पेटलेली, आणि तिच्यामागे शीतलबाबा एक पिवळसर शाल ताणून उभे. त्यांनी शालीचं टोक ज्योतीवर धरलं आणि माइकमध्ये सावकाश आकडे मोजायला घेतले. बारावर ते थांबले. शाल पेटली नव्हती. लोकांचे हात आपोआप जोडले गेले.

"ही शाल सुतानं नाही, तपानं विणली आहे," बाबा म्हणाले. "हिचा वीतभर तुकडा ज्याच्या अंगावर, त्याला अग्नी ओळख दाखवतो आणि बाजूनं निघून जातो."

अग्नीच्या या सभ्यपणावर टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत मुकादमबाई बसली होती. जुन्या कपड्यांच्या गोदामात सतरा वर्षं कापड निवडण्यात गेलेली बाई. बाकीच्यांची नजर ज्योतीवर होती, हिची शालीवर. शालीच्या मधोमध दोन बोटं रुंदीचा एक पट्टा गडद राहिला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुईच्या भोकांची रांग होती. तिथली चकाकती फीत उसवून काढलेली होती. तिला हे कळायला तप लागलं नाही. अशा फिती ती रोज उसवायची.

धातू ओतण्याच्या कारखान्यातल्या भट्टीवाल्यांचे झिजलेले डगले तिच्या गोदामात येत. ते कापड सहजासहजी पेट घेत नाही. पण पेट घेत नाही म्हणून ते जाळून टाकता येत नाही, आणि मातीत पुरलं तर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. म्हणून फिती, चेन, बटणं काढायची, तेल मुरलेले डगले वेगळे काढायचे, आणि स्वच्छ कापड पिंजायला पाठवायचं. त्या पिंजलेल्या धाग्यांचा जाड नमदा होतो आणि तो पुन्हा भट्टीवाल्यांच्याच हातमोज्यांत अस्तर म्हणून जातो.

तिनं हे हसून सोडूनही दिलं असतं. पण तिचा धाकटा भाऊ वेल्डर होता. भावजयीनं बाबांनी प्रसाद म्हणून दिलेला शालीचा तुकडा त्याच्या सदऱ्याला आतून शिवला, आणि चामडी एप्रनमध्ये जीव उकडतो म्हणणाऱ्या भावाला निमित्त मिळालं. त्यानं एप्रन खुंटीला टांगला. मागच्या आठवड्यात ठिणगी उडाली, सदरा पेटला, आणि शेजारच्यानं पाणी ओतेपर्यंत पोटावर तळहाताएवढं भाजलं.

भावजयीनं तो सदरा जपून ठेवला होता. "बघा वन्सं, सगळा सदरा गेला, पण प्रसादाला डाग नाही."

"प्रसाद वाचला," मुकादमबाई म्हणाली. "नवरा भाजला."

भावजयीला यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. बाबांचे आभार मानायला म्हणून ती नणंदेला आज सभागृहात घेऊन आली होती.

दुसऱ्या दिवशी मुकादमबाईनं गोदामाच्या टेम्पोवाल्याला गाठलं. भट्टीवाल्यांच्या डगल्यांची पोती अलीकडे कमी का भरतात, हे तिनं साध्या आवाजात विचारलं. त्यानंही साध्याच आवाजात सांगितलं की दर खेपेला दोन पोती तो बाबांकडे उतरवतो. फेकून दिलेलं कापड चांगल्या कामी लागतंय, असा त्याचा समज होता. भट्टीवाल्यांचे हातमोजे त्याच पोत्यांतून होतात हे ऐकल्यावर तो म्हणाला, गरज पडली तर मी चारचौघांत सांगेन.

पुढच्या सभेला मुकादमबाई पिशवी घेऊन मंचावर गेली. आपल्यालाही एक कापड तपासून हवं आहे, असं तिनं नम्रपणे सांगितलं. बाबांना नकार द्यायला काही कारण सुचलं नाही. तिनं पिशवीतून भट्टीवाल्याचा डगला काढला, त्यावर फीत अजून तशीच होती. त्याची बाही ज्योतीवर धरून ती मोजू लागली. बारा झाले. बाही पेटली नाही.

"मी तप केलेलं नाही," ती म्हणाली. "सकाळी भाकऱ्या केल्या आणि आले."

ती मोजतच राहिली. चाळीसच्या आसपास बाही काळी पडली, कडक झाली आणि बोटानं दाबताच तुटली. बाबा बारावर का थांबतात, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. टेम्पोवाला मागून उठला आणि पोत्यांची हकिकत सांगून खाली बसला.

बाबांनी घसा साफ केला. कापड कुठलंही असो, शक्ती मंत्राची आहे, आणि ज्याची श्रद्धा कमी त्याला चटका बसतो, असं ते म्हणाले.

मग भाऊ पुढे आला. त्यानं सदरा वर करून पट्टी दाखवली. "श्रद्धा पुरेपूर होती बाबा. त्या भरवशावर एप्रन काढला."

मुकादमबाईनं एक जुना पॉलिएस्टरचा सदरा काठीवर अडकवला. त्याला बाबांच्या हातचाच तुकडा शिवलेला होता. ज्योत लागताच सदरा भडकन पेटला, वितळून थेंब गळू लागले. विझवल्यावर काठीवर तुकडा तेवढा शाबूत लटकत होता.

"तुकडा खोटा नाही," ती म्हणाली. "तो स्वतःला वाचवतो. तुम्हाला वाचवायला तो पाठवलेला नाही."

पुढच्या रांगेतली भावजय पदराशी चाळा करत खाली बघत होती. बाबांना कुठलीशी साधना आठवली आणि ते मागच्या दारानं गेले. शाल टेबलावरच राहिली.

तेवढ्यात एक म्हातारी लगबगीनं आली आणि मुकादमबाईच्या पाया पडू लागली. तुझ्या हातात बाबांपेक्षा जास्त गुण आहे, तेव्हा आता तूच तुकडे दे, असं तिचं म्हणणं होतं.

मुकादमबाईनं तिला दंडाला धरून उभं केलं. "आजी, माझ्या हातात काही नाही. हा गुण धाग्याचा आहे, आणि धागा कारखान्यात होतो. कोणी नवल दाखवलं तर तीनच गोष्टी विचारा. हे कशाचं आहे, आलं कुठून, आणि श्रद्धा नसलेल्याच्या हातातही असंच होतं का. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो बाबा. आणि खरंच शिकायचं असेल तर उद्या गोदामात या, कापड कसं ओळखायचं ते दाखवते."

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. त्यांत भावजय होती. ती पोत्यापाशी बसली, एक डगला मांडीवर ओढला आणि विचारलं, "वन्सं, तेल मुरलंय की नाही, ते कसं बघायचं?"