लिंडन प्रुइटला संघ का मिळाला नाही

मंगळवारी सकाळी लिंडन प्रुइट गावच्या शाळेच्या मैदानावर चेंडू फेकत होता आणि त्याची बायको कॅरिस ते झेलत होती. नोव्हेंबरची थंडी होती. थोड्या वेळाने तिने हातमोजे काढून बोटांवर फुंकर घातली.

"जरा हळू टाक. मला कुठला संघ पगार देत नाही."

"मला तरी कुठे देतोय?" तो म्हणाला, आणि दोघंही हसली.

लिंडन अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक होता. चेंडू हाती घेऊन सगळा डाव चालवणारा. वय बत्तीस, हात शाबूत. पण जुना करार संपून दुसरा हिवाळा आला तरी एकाही संघाने त्याला बोलावलं नव्हतं. त्याच्याहून कच्चे खेळाडू दर रविवारी टीव्हीवर दिसत. एजंट व्हिन्स दर वेळी नवं कारण सांगे: वय झालं, गुडघा जुना झाला, त्यांना तरुण पोरं हवीत. खरं कारण तिघांनाही ठाऊक होतं.

डेल्मर हॅडली सहा वर्षं लिंडनच्या पुढ्यात वाकून त्याच्या हाती चेंडू देत आला होता. चेंडू दिला की समोरच्याच्या डोक्याला डोकं भिडवायचं, हे त्याचं काम. एका सामन्यात भेलकांडत येऊन त्याने विचारलं, "लिन, आपण कुठल्या गावात खेळतोय?" लिंडनने प्रशिक्षकांना सांगितलं. त्यांनी डेल्मरच्या पाठीवर थाप मारली आणि त्याला परत आत पाठवलं. पुढे डेल्मर घरचा रस्ता विसरू लागला, मग मुलीचं नाव, आणि एका पहाटे त्याची गाडी पुलाखाली सापडली. तो दारू प्यायचा, असं संघाने सांगितलं. डोक्यावरच्या मारानेच हे झालं, असं म्हणत त्याची बायको रूथ-ॲन संघाविरुद्ध कोर्टात गेली. तिच्या बाजूने साक्ष द्यायला एकटा लिंडन उभा राहिला. खटला अजून चालूच होता.

त्या मंगळवारी दुपारी व्हिन्सचा फोन आला. एका संघाचे दोन्ही क्वार्टरबॅक जायबंदी झाले होते. दुसऱ्या दिवशी लिंडनने तिथे चाचणीत असे चेंडू टाकले, की झेलणारी पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग व्यवस्थापक ऑल्डन यांनी त्याला आत बोलावून स्वतः कॉफी ओतून दिली.

"हात झकास आहे तुझा. फक्त पत्रकारांना एवढं सांग, की मित्राच्या दुःखात बोलून गेलो, नक्की काही आठवत नाही."

"मला आठवतं, सर."

"आठवतं सगळ्यांनाच रे. बोलून कोण दाखवतं? शुक्रवारपर्यंत कळव."

कॅरिसने सगळं ऐकून घेतलं. "तू खेळावंस असं मला वाटतं, खोटं कशाला बोलू? पण काय ते रूथ-ॲनला आधी सांग. तिला पेपरात वाचायला लागू नये."

लिंडन तिच्याकडे गेला तेव्हा रूथ-ॲन चिकन तळत होती. त्याचं ऐकून तिने गॅस बारीक केला.

"सांग त्यांना हवं ते. डेल्मर तर गेला. तुझा हात कशाला फुकट जायला हवा? मी नाही रागावणार."

"लोक त्याला दारुडा म्हणतील."

"आत्ता काय वेगळं म्हणतात?" ती कढईकडे बघत राहिली. "शेवटी शेवटी तोच मला विचारायचा, 'रूथी, मी प्यायलोय का गं?' मी म्हणायचे, नाही रे, थेंबही नाही. तर रडायचा. म्हणायचा, प्यायलो असतो तर बरं होतं, सकाळी उतरली तरी असती."

लिंडन जेवायला थांबला नाही. बाहेर गाडीत बसून त्याने व्हिन्सला फोन लावला.

"नाही म्हणून कळव."

"लिन, यानंतर कुणी विचारणार नाही तुला."

"माहीत आहे."

घरी त्याने कॅरिसला सांगितलं. ती सिंकपाशी उभी राहून रडली, आणि मग तिने त्याचं ताट वाढलं.

त्या संघाने रॅफर्टी नावाचा एक तरुण घेतला. रविवारी टीव्हीवर लिंडनच्या डोळ्यांदेखत रॅफर्टीच्या डोक्यावर जबर आघात झाला. रॅफर्टी उठला आणि समोरच्याच संघाच्या घोळक्याकडे चालू लागला. कुणीतरी खांद्याला धरून त्याला वळवलं.

"बाहेर काढा त्याला," लिंडन हळू आवाजात म्हणाला.

कुणी काढलं नाही. समालोचक म्हणाला, याला म्हणतात काळीज. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. शेजारच्या घरातूनही टाळ्या ऐकू आल्या. भली माणसं आहेत ती. डेल्मर गेला, तेव्हा आठवडाभर रूथ-ॲनकडे त्यांनीच जेवण पोचवलं होतं.