विहिरीतलं हेक्झेन

२००२च्या उन्हाळ्यात सिंदीजवळच्या एका गावात विहिरींच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास येऊ लागला. सरकी तेलाच्या कारखान्याचे मालक रूपराव चावडीवर म्हणाले, "गॅरेजवाला लहानू जळकं ऑइल नाल्यात सोडून राह्यला." तेवढं पुरलं. लोकांनी लहानूला ओढून बाहेर काढलं आणि त्याच्याच पान्यानं त्याच्या उजव्या हाताची बोटं ठेचली.

लहानूची धाकटी बहीण जागृती वर्ध्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. दवाखान्यात भावाचा हात पाहून ती रडली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं विहिरीचं पाणी आणि गॅरेजच्या खड्ड्यातलं ऑइल घेतलं, मग कारखान्याचं सांडपाणी सोडणाऱ्या मोरीवर गेली. बाटल्या काठोकाठ भरल्या, वास उडून जाऊ नये म्हणून. तिथं रूपरावांच्या दोन माणसांनी तिला गाठलं. एकानं केस धरून तिचं तोंड भिंतीवर आपटलं. पुढचा दात तुटला, मोरीच्या पाण्याची एक बाटली फुटली. दुसरी तिनं लाथा खाताना पोटाशी धरून ठेवली.

कॉलेजातल्या यंत्रानं कागदावर रेघा काढल्या. प्रत्येक तेलाची आपली रेघ असते, अंगठ्याच्या ठशासारखी. जळक्या ऑइलचा उंचवटा उशिरा आला, पसरट. विहिरीच्या पाण्याची टोकं सुरुवातीलाच, उंच आणि बारीक. मोरीच्या पाण्याची हुबेहूब तशीच. सरकीतून तेल काढायला वापरतात ते हेक्झेन.

ग्रामसभेत तिनं कागद उलगडले. "माह्या भावाचा गुन्हा नाई. विहिरीत कारखान्याचं हेक्झेन हाये. हे पाहा."

कोणी पाहिलं नाही. लहानूवर पहिला घाव घालणारा भैयाजीच उठला. "जाळा रे त्या रूपरावचा कारखाना!"

भर दुपारी गर्दी धावली. मागून जागृती ओरडत होती, "आग लावू नका! मोरीत तेच भरून हाये, भडका होईन!"

भैयाजीनं पेटता बोळा मोरीत फेकला.

धमाक्यानं पत्रे उडाले. रूपराव नागपुरात होते. आत होता म्हातारा चौकीदार अण्णाजी. तो जागीच गेला. भैयाजी पेटलेल्या कपड्यांनिशी किंचाळत आला. जागृतीनं त्याला मातीत लोळवलं, तिच्या हातांची कातडी सोलली गेली. तिसऱ्या दिवशी तोही गेला.

तिच्या अहवालावर कारखान्याला टाळं लागलं, रूपरावांना अटक झाली. पोलिसांना तिनं आणखी अकरा नावं दिली, लहानूला मारणाऱ्यांची आणि आग लावणाऱ्यांची.

"काऊन सांगितली नावं?" लहानू चिडला. "मले इथंच राहाचं हाये."

"अण्णाजीलेही इथंच राहाचं होतं, दादा."

लहानू डाव्या हातानं गॅरेजचं शटर वर करायला लागला.