वरचं गेट

"सिस्टर, आधी बसून घ्या," ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हरकाका वॉर्डच्या दारातूनच म्हणाले, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. आजवर ती स्वतःच नातेवाइकांना हे वाक्य ऐकवत आली होती. "तुमच्या वडिलांना आणलंय. छातीत दुखतंय. पण शुद्धीवर आहेत हो, घाबरू नका. वाटेत मलाच गाडी हळू हाका म्हणून बजावत होते."

हातातला ट्रे तिने तसाच टेबलावर टाकला आणि ती धावली. काका मागून येत सांगत होते, "एक मिनिट वाया गेलं नाही बघा. त्यांचा स्वतःचाच फोन आला. सिस्टरचा बाप बोलतोय, वरच्या गेटपाशी या. मी म्हटलं, पत्ता सांगूच नका, रोज संध्याकाळी सोडतो की मी त्यांना. जाऊन बघतो तर तुमच्या बिल्डिंगच्या गेटशी कट्ट्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट घालून!"

ती जिन्यातच थबकली. त्या बिल्डिंगमध्ये ती राहत नव्हती. कधीच राहिली नव्हती.

त्या गावात टेकडी होती, म्हणून वर होतं आणि खाली होतं. वर गॅलऱ्यांच्या बिल्डिंगा, खाली नाल्याकाठी पत्र्याच्या घरांची वस्ती. वरून खाली सगळं यायचं: सांडपाणी, मोडकी खेळणी, भिंत खचली की दगडमाती. खालून वर फक्त माणसं जायची, तीही कामाला, आणि काम झालं की निमूट परत. दवाखान्यात तर 'खालचा' हा एक आजारच होता. 'खालचा पेशंट आहे, आधी पैसे भरायला सांगा.' 'खालची आहे, पर्स सांभाळा.' बोलणारी माणसं तशी वाईट नव्हती. त्यांच्यातलं कुणी कधी खाली उतरलं नव्हतं, एवढंच.

ती नोकरीला लागली त्या पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सहज विचारलं, "तू कुठे राहतेस गं?" तिने खिडकीतून टेकडीकडे बोट दाखवलं. बोट जरा वर गेलं, इतकंच. पण खोटं एकदा घरात घेतलं की ते पाहुण्यासारखं चार दिवसांत जात नाही, त्याला रोज जेवू घालावं लागतं. संध्याकाळी ड्रायव्हरकाका स्टाफची गाडी त्या गेटशी थांबवायचे. ती उतरायची, किल्ली शोधल्यासारखी पर्स उचकायची, आणि गाडी वळणाआड गेली की कुंपणाच्या कडेने मागे जाऊन पायऱ्या उतरायची. त्या पायऱ्यांचा जिना इतका उभा होता, की चढताना धडधाकट माणसालाही मध्ये दम खावा लागे.

आणि आज सकाळी आप्पा तो चढून आले होते.

ती पोचली तेव्हा आप्पांच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या. चेहरा राखेसारखा, कपाळावर घामाचे थेंब. तरुण डॉक्टरांनी तिच्याकडे वळून विचारलं, "दुखायला लागल्यावर काही श्रम झाले का? चालले, जिने चढले?"

मेट्रनबाई तिच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण मग कुठले जिने, कुठून कुठे, हे ओघाने आलंच असतं, आणि इतक्या वर्षांचं सगळं या पडद्याआडच्या खाटेपाशी उघडं पडलं असतं.

"नाही," ती म्हणाली. "लिफ्ट आहे."

आप्पांनी डोळे उघडले. "हो डॉक्टर," ते धापा टाकत म्हणाले, "लिफ्टनेच आलो. बटण दाबलं की खाली."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा जन्मभर रंगारी. अर्ध्या टेकडीच्या भिंती त्यांच्या हातच्या, पण लिफ्टमध्ये त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. रंगाऱ्याला लिफ्ट वापरू देत नाहीत. रंग सांडतो.

डॉक्टर बाजूला गेल्यावर ती खाली वाकली. "आप्पा, वर कशाला चढलात? घरी पडून राहायचं. मला फोन करायचा."

"गाडी खाली येते का? आणि माणसं आली असती म्हणजे? तुझी पंचाईत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, आपल्या दारातून ते गेट दिसतं. वरून खालचं काही दिसत नाही, पण खालून वरचं सगळं दिसतं." त्यांच्या ओठांवर हसू आलं. "पहिल्यांदा वाटलं, पोरीची किल्ली हरवली. रोज कशी हरवेल?"

"मग बोलला का नाहीत? रागवायचं तरी!"

"काय रागवायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुला शिकवलं ते वर जायलाच ना. तू जरा आधी जाऊन थांबलीस."

आप्पांनी थोबाडीत मारली असती तरी तिला बरं वाटलं असतं. डॉक्टरांना गाठून खरं सांगायचंच, असं ठरवून ती उठली. दारातच मेट्रनबाईंनी तिचा हात धरला. "नशीबवान आहेस हो. गाडी दाराशी आली म्हणून बरं. खालचे असते तर इथवर पोचले नसते." त्या मनापासून बोलत होत्या, डोळ्यांत पाणीही होतं. ती मान खाली घालून परत फिरली आणि आप्पांचे तळवे चोळत बसली.

दिवस कलता कलता आप्पा गेले. डॉक्टर हळुवारपणे म्हणाले, झटका मोठा होता, मनाला लावून घेऊ नका. तिने जेवढं सांगितलं होतं, तेवढ्यावरून ते बोलत होते.

आप्पांना घरी न्यायला मेट्रनबाई आणि दोन वॉर्डबॉय बरोबर निघाले. सिस्टर आपली आहे, एकटीला कसं सोडायचं? काका गाडी हाकत होते. न सांगता त्यांनी टेकडीचा रस्ता धरला, न सांगता गेटशी थांबवली, आणि उतरून विचारलं, "कितवा मजला, सिस्टर? लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल ना?"

गेटवरचा वॉचमन पुढे आला. तो तिला ओळखत नव्हता. त्याने एकदा गाडीकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"या बिल्डिंगमध्ये नाही," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "इथे नाही, काका. खाली. मागच्या पायऱ्यांनी."

"खाली म्हणजे?"

"वस्तीत. आमचं घर तिथे आहे. पहिल्यापासून."

एक वॉर्डबॉय दुसऱ्याकडे बघू लागला. मेट्रनबाईंनी पदर सारखा केला. ड्रायव्हरकाका मात्र लगेच गाडीच्या मागे गेले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि उताराकडची, ओझं जास्त येणारी बाजू स्वतः धरली.

पायऱ्या सुरू झाल्या. मेट्रनबाई कुंपणाच्या भिंतीला धरून एकेक पाऊल टाकत होत्या. मध्यावर त्या टेकल्या. "अगं बाई, केवढी ही चढण! उतरताना माझे गुडघे लटपटतायत."

"आप्पा सकाळी चढले," ती म्हणाली. "छातीत कळ येत असताना. आणि मी डॉक्टरांना लिफ्ट सांगितली."

उत्तरासाठी ती थांबली नाही. शरमेने तिचे कान तापले होते, मान वर होत नव्हती. खाली दारं उघडू लागली होती. कुणीतरी आप्पांच्या नावाने हाक मारली, आणि दोघं-तिघं खांदा द्यायला पायऱ्या चढून येऊ लागले.

ती स्ट्रेचरच्या पुढे झाली आणि मागच्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागली, "इथे डावीकडे धरा. ही पायरी हलते. सावकाश. पुढच्या वळणाला आमचं घर."