बेकरीवाल्या ताईंचं हाड

मणकेकाकांना त्या गल्लीत खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. दारावरच्या पाटीवर नावाखाली 'कायरोप्रॅक्टर' असं ठसठशीत लिहिलेलं होतं, पण तो शब्द म्हणता म्हणता धडधाकट माणसाची जीभ अडखळायची. मग लोकांनी आपलं सोपं करून टाकलं. मणक्यांवर काम करतात, वयाने मोठे आहेत, झाले मणकेकाका!

तीस वर्षं काका एकाच खोलीत, एकाच उंच टेबलाशी उभे राहून लोकांच्या पाठी बघत होते. पद्धत ठरलेली. माणसाला पालथं झोपवायचं, पाठीच्या कण्यावरून दोन बोटं सावकाश खाली आणायची, जिथे बोट अडेल तिथे पेन्सिलीने फुली मारायची. ते सरकलेलं हाड. मग तिथे तळहात टेकवून एक झटका, कट् असा आवाज, आणि माणूस "हुश्श" करून उठायचा. हाड जागेवरून सरकतं, नस दाबली जाते आणि दुखणी तिथून सुरू होतात, हे काका कॉलेजात शिकले होते आणि त्यावर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता. या गोष्टीवरून त्यांच्याच धंद्यातल्या लोकांत दोन तट पडलेत हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. एका परिषदेत कुणीतरी "हाड सरकतं याचा पुरावा दाखवा" म्हणालं, तेव्हा काका जेवण टाकून घरी निघून आले होते. माणूस भला, पण नाकावर माशी बसू देईल तर शपथ.

आणि माशी शेवटी घरातलीच निघाली. काकांची पुतणी तोच अभ्यास करून सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखाली आली होती. पोरगी हुशार, हात चांगला, पण तोंडाला फाटक नाही. एका सोमवारी पेशंट नव्हते तेव्हा ती म्हणाली, "काका, एक गंमत करू या? काकूला झोपवू. तुम्ही सरकलेल्या हाडावर लाल फुली मारा. मग मी न बघता निळी मारते."

काकू दारातल्या काउंटरवर बसून पेशंटांची कार्डं लावत होत्या. "मला कशाला मध्ये ओढता? माझी पाठ ठणठणीत आहे," म्हणत का होईना, त्या येऊन टेबलावर पालथ्या पडल्या. काकांनी बोटं फिरवली, लाल फुली मारली. पुतणी तोवर तोंड फिरवून उभी होती; मग डोळे मिटून तिने बोटं फिरवली आणि निळी मारली. डोळे उघडले. दोन फुल्यांमध्ये चार बोटांचं अंतर!

"अजून कच्ची आहेस," काका हसले.

"असेन. मग तुम्ही एकट्यानेच दोनदा करून बघा." तिने दोन्ही फुल्या पुसल्या, मध्ये सगळ्यांना चहा पाजला आणि काकूंना पुन्हा झोपवलं. पुसण्याआधी लाल फुलीची जागा तिने मोजपट्टीने कागदावर टिपून ठेवली होती. काकांनी पुन्हा बोटं फिरवली, अगदी मन लावून, आणि पुन्हा फुली मारली. पुतणीने पट्टी लावली. फुली पहिलीपेक्षा दोन बोटं वर होती.

"काय झालं?" काकूंनी पालथ्यापालथ्याच विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हणजे चहा पिता पिता माझं हाड वर चढलं की काय?"

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं लोक उगाच येतात का, बरं वाटल्याशिवाय येतात का, कालची पोर मला शिकवणार का, असं बरंच काही ते बोलले. पुतणीने सगळं ऐकून घेतलं.

"बरं वाटतं ते खोटं नाही, काका," ती शेवटी हळूच म्हणाली. "तुमच्या हातांनी आखडलेली पाठ सुटते, ते मी रोज बघते. पण हाड सरकलेलं असतं म्हणून नव्हे. आणि आपण लोकांना सांगतो की सरकलंय. ते बिचारे तेच मनात धरून घरी जातात."

काकांनी खिडकी उघडली, मग उगाचच बंद केली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. मंगळवारी चार वाजता बेकरीवाल्या ताई यायच्या म्हणजे यायच्या. अकरा वर्षं त्यात खंड नव्हता. कोपऱ्यावरची बेकरी त्यांचीच. अकरा वर्षांपूर्वी मैद्याचं पोतं उचलताना त्यांच्या कमरेत अशी कळ आली होती की दोघांनी धरून त्यांना काकांकडे आणलं. काकांनी एक्स-रे दिव्यावर लावला, त्यावर पट्टीने रेघ ओढली आणि दाखवलं, "हे बघा, हे हाड जागेवरून सरकलंय. जपलं नाहीत तर पुन्हा सरकेल." दोन महिन्यांत कळ गेली. ताई मात्र येत राहिल्या, आणि येताना पावाची पिशवी आणत राहिल्या.

त्या दिवशी ताईंसोबत त्यांची नात होती. तिच्या आईला कामावरून यायला उशीर होणार होता. नात पाच वर्षांची, इवलीशी, म्हणून सगळे तिला पिटुकली म्हणत. ती बाहेरच्या खोलीत बाकावर चढून नाचत होती. ताईंनी दोनदा दटावलं, आणि तिसऱ्यांदा तोंड उघडेपर्यंत पिटुकली धप्पकन खाली आली. गुडघा फुटला, भोकाड पसरलं. काका आवाज ऐकून दारात आले तर समोर हे असं. ताई नातीच्या शेजारी उभ्या, हात पुढे केलेले, पण वाकत नाहीत. आणि ती पोर? आजी हाताच्या अंतरावर असताना ती लंगडत लंगडत काउंटरपाशी गेली, परक्या काकूंपुढे दोन्ही हात वर केले आणि हुंदके देत म्हणाली, "तुम्ही घ्या मला. आजीचं हाड सरकतं."

काकूंनी तिला उचललं. ताई कसनुसं हसल्या आणि पिटुकलीची चप्पल पायाने पुढे सरकवत म्हणाल्या, "शहाणी आहे हो. तिला सगळं कळतं."

काकांनी आत जाऊन ताईंची कार्डं काढली. दर वर्षी नवं कार्ड व्हायचं आणि जुन्यावरचा मजकूर काका स्वतःच्या हाताने नव्यावर उतरवायचे. अकरा कार्डं. अकराही कार्डांवर तळाशी त्यांच्याच अक्षरात एकच ओळ होती: वजन उचलू नये. एकदा लिहिलेली ओळ ते डोकं न चालवता उतरवत राहिले होते आणि ती बाई ती पाळत राहिली होती.

ताई टेबलावर चढायला लागल्या. "थांबा, ताई," काका म्हणाले. "आज बसूनच बोलू." पुतणी कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या करत होती, ती बाहेर जायला निघाली. "तू थांब," काका तिला म्हणाले. खरं म्हणजे त्यांना एकट्याने बोलायची हिंमत होत नव्हती.

"नातीला तुम्ही कधी उचलत नाही?"

"कशी उचलणार, डॉक्टर?" ताईंना प्रश्नच कळला नाही. "तुम्हीच तर सांगितलं होतं. ती झाली तेव्हा मी विचारलं होतं ना तुम्हाला, इथेच, या टेबलावर. म्हटलं, नात झालीय, तीन किलोची आहे, घेऊ का? तर तुम्ही म्हणालात, बसून घ्या."

काकांना आठवत नव्हतं. अगदी काही म्हणजे काही आठवत नव्हतं. हात पाठीवर असतील, डोक्यात दुसराच पेशंट असेल, तोंडातून दोन शब्द गेले असतील.

"मग बसून घेतली," ताई सांगत होत्या. "कुणीतरी आणून मांडीवर द्यायचं, कुणीतरी उचलून न्यायचं. रडायला लागली की हिची आई तिला घेऊन खोलीभर फिरायची, मी खुर्चीत बसून गाणं म्हणायची. चालतंच की."

काकांनी घसा खाकरला. हे बोलण्यापेक्षा कुणी त्यांना गल्लीत उभं करून चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. "ताई, माझं चुकलं. तुमचं हाड सरकलेलं नाही. तेव्हाही नव्हतं. पोतं उचलताना कमरेत उसण भरली होती, ती दोन महिन्यांत गेली. एक्स-रेवर मी जी रेघ दाखवली, तसं थोडंफार वाकडं पुष्कळ लोकांचं असतं, आणि ते मजेत फिरतात. मला खरंच वाटत होतं की हाड सरकतं. मी तुम्हाला फसवायला म्हणून सांगितलं नव्हतं. पण सांगितलं ते चूक होतं."

ताईंनी पुतणीकडे बघितलं. पुतणीने 'हो' अशी मान हलवली.

"तुम्ही आज मला हे सांगताय?" ताईंचा आवाज एकदम चढला. "अकरा वर्षांनी? मैद्याचं पोतं दिसलं की मी दाराची चौकट धरून उभी राहते, माहितेय तुम्हाला? झोपेत कूस बदलताना जागी होते, हाड हललं तर नाही ना म्हणून! पोतं जाऊ दे मसणात. ती पोर रांगत माझ्या पायाशी यायची, साडी धरून उभी राहायची, वर बघायची. आणि मी हाक मारायची, अगं कुणीतरी या गं, हिला घ्या. एक वर्षाची होती तोवर हात वर करायची माझ्याकडे. मग करायची बंद झाली."

त्या रडायला लागल्या. पदर तोंडाला लावून गदगदून रडल्या. पुतणी पाणी घेऊन आली, ते त्यांनी घेतलं नाही. काका समोर नुसते उभे होते. तीस वर्षं लोकांना बरं वाटायला लावणारे ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हतं. "माझं चुकलं" एवढंच ते पुन्हा एकदा म्हणाले.

बऱ्याच वेळाने ताईंनी डोळे पुसले. "आता उचलली तर काही होणार नाही?"

उत्तर पुतणीने दिलं. तिने ताईंना उभं केलं, वाकायला लावलं, उकिडवं बसवून उठवलं, दोनदा, तीनदा. "पाठ चांगली आहे तुमची. सवय गेलीय, म्हणून पोत्याच्या मागे लगेच लागू नका. पण पोरीला घ्या. उद्या थोडी कंबर दुखेल. दुखली तर दुखू दे, त्याने काही मोडत नाही."

बाहेर पिटुकली काकूंच्या शेजारी बसून बिस्किट खात होती. ताई तिच्यासमोर जाऊन उकिडव्या बसल्या आणि हात पसरले. "ये."

पिटुकली मागे सरली. "नको! तुझं हाड!"

आता आली का पंचाईत! ताईंनी वळून काकांकडे बघितलं. त्या नजरेत अजून माफीबिफी काही नव्हतं. ज्याने गाठ मारली त्याने सोडवावी, एवढंच होतं. काका पिटुकलीपुढे खाली बसले. "आजीचं हाड जागेवर आहे. कधीच सरकलं नव्हतं."

"मग कोण म्हणालं सरकलंय?"

"मीच म्हणालो."

"का?"

"मला तसं वाटायचं. पण ते तसं नव्हतं."

पिटुकलीने बिस्किट चावणं थांबवलं. "आजीला सांगितलंत?"

"सांगितलं."

"म्हणून ती रडली?"

"हो."

तिने काकांकडे अगदी निरखून बघितलं, मग उरलेलं बिस्किट तोंडात कोंबलं आणि आजीकडे गेली. हात वर केले नाहीत, नुसती जवळ जाऊन उभी राहिली. ताईंनी तिच्या काखेत हात घातले आणि उठल्या.

पण घ्यायचं कसं, हे त्या दोघींनाही माहीत नव्हतं. पिटुकलीचे पाय खाली सरळ लोंबत होते, ताईंचा एक हात तिच्या मानेपाशी, दुसरा भलतीकडेच. "अगं, कडेवर घ्या, कडेवर," काकू ओरडल्या. "पाय दोन्ही बाजूंना घाल, पोरी. हां, अशी." पुतणीने तिचा एक पाय धरून पलीकडे घातला. पिटुकली आजीच्या कमरेवर बसली आणि तिने आजीच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. इतक्या उंचावरून आजीचं तोंड तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"जाते मी," ताई कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाल्या. पुढच्या मंगळवारचं काही बोलल्या नाहीत, आणि काकांनीही विचारलं नाही. त्यांनी नुसतं दार उघडून धरलं.

ताई पायरी उतरल्या आणि बेकरीच्या दिशेने चालू लागल्या. दहा-बारा पावलांवर त्यांना धाप लागली. पोर काही आता तीन किलोची नव्हती. दारात उभ्या असलेल्या काकांना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"आजी, दमलीस?"

"दमले."

"मग उतरव मला. मी चालते."

"गप बस," ताई म्हणाल्या, आणि तिला कमरेवर आणखी वर घेतलं.