दिल्लीच्या वाटेवर सुकदेव नाना

महायुद्ध तोफांनी थांबत नाही. ते एका निःशस्त्र माणसाच्या निर्धाराने थांबते. सुकदेव नानांचा निर्धार १९४१ च्या माघात एका सोमवारी, सकाळी आठ ते साडेआठ, असा होता. सत्याग्रहाच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी तसे कलेक्टरसाहेबांना आगाऊ लिहूनही कळवले होते.

जागा जळगावातली. एका परदेशी कापूस कंपनीच्या एजंटाचा बंगला. दारावर परका झेंडा फडके, म्हणून गाव त्याला वकिलात म्हणे. फौजदार बारा शिपाई घेऊन नानांच्या आधीच हजर होते. ठीक आठला नानांनी घोषणा दिली, "युद्धाला ना पै, ना भाई!" आणि दोन्ही हात पुढे केले.

फौजदार म्हणाले, "धुळ्याचा तुरुंग भरलाय, नाना. पकडू नका, असा हुकूम आहे."

नानांचे हात तसेच राहिले. चोपड्याकडच्या त्यांच्या खेड्याने आदल्या दिवशी त्यांना ओवाळून, वाजतगाजत निरोप दिला होता. अटकेशिवाय परतणे म्हणजे वरातीतून नवरीवाचून परतणे. आणि सत्याग्रहाचा नियम असा, की सरकार पकडीत नसेल तर घोषणा देत दिल्लीपर्यंत चालायचे.

नाना गळ्यातल्या हारासकट चालू लागले. पाळतीवर हवालदार भाईदास, साध्या धोतरात, सायकल हातात धरून.

सरकी काढणाऱ्या जिनांतला कापूस हवेत उडत होता. वाट पांढरी, मऊ, आवाज नसलेली. नाना केळीच्या बागांना घोषणा ऐकवीत, केळी मान हलवीत. दुपारपर्यंत तर दोघांनाही आपण चालतोय की वाटच मागे सरकतेय, ते कळेना.

"भाईदास, धर ना रे भाऊ माले. बठ्ठा गावनी ओवाळेल शे."

"हुकूम नई शे, नाना."

"मंग गावले काय तोंड दखाडू?"

नानांचे पाय सुजले होते. भाईदासने सायकलच्या कॅरिअरवर फडके टाकले. "बसा. दिल्ली काय, बसूनबी येस."

वाघूर नदी गुडघाभर पाण्यातून ओलांडली. पुढे सायकल जमिनीला टेकतेय असे वाटेना. हारातल्या पाकळ्या मागे उडत राहिल्या. नाना डोळे मिटून कापसातून दिल्लीला निघाले होते.

भुसावळच्या नाक्यावर वना शिपायाने शिट्टी फुंकली. "थांबा! सायकलवर डबलशीट? चला चौकीवर!"

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. भाईदास सांगत होता, "अरे, मीबी पोलीस शे," पण धोतरातल्या माणसावर वनाने विश्वास ठेवला नाही.

चौकीत जमादाराने कायद्याचे पुस्तक पाहिले, नानांना पाणी दिले आणि घरी जायला सांगितले. डबलशीटचा गुन्हा चालवणाऱ्यावर लागतो. भाईदासला आत बसवले.