डाव्या कानातली विहीर

शिरोली एमआयडीसीतल्या तात्यासोंच्या फाउंड्रीत जिनेंद्रचं पद कागदावर ‘गुणवत्ता निरीक्षक’ असं असलं, तरी सगळा कारखाना त्याला ‘कान’ म्हणायचा. कान आला का, कान जेवायला गेलाय, कानाला विचारून घ्या. नव्या माणसाला वाटायचं, इथं एक कान एकटाच कामाला येतो. त्यात फारसं खोटंही नव्हतं. ओतून गार झालेला ट्रॅक्टरचा ब्रेक ड्रम साखळीला टांगायचा, छोट्या हातोडीनं एक टोला द्यायचा आणि ऐकायचं. चांगला ड्रम देवळातल्या घंटेसारखा लांबवर वाजतो. आत डोळ्यांना न दिसणारी चीर असली, की थप्प करून गप बसतो. घरात लग्नाचा विषय निघाल्यावर जिनेंद्र बसायचा तसा. त्याचा उजवा कान लहानपणापासून आळशी. सगळा कारभार डाव्यावर.

तर रविवारी तो बिद्रीजवळ मामांच्या मळ्यावर गेला. मामांची नात अपूर्वा, वय वर्षं आठ, विहिरीच्या काठावर उभी राहून म्हणाली की काकाला पोहायला येत न्हाय. अशा आरोपाला तोंडी उत्तर चालत नाही. जिनेंद्रनं गुडघे छातीशी धरून विहिरीत असा मुटका मारला, की काठावरच्या म्हशीची आंघोळ झाली. विहीर नंतर जागेवरच राहिली. तिच्यातलं थोडं पाणी मात्र डाव्या कानात बसून, तिकीट न काढता, कोल्हापूरला आलं.

सोमवारी सकाळी त्याला वाटलं, कुणीतरी सगळ्या कारखान्यावर गोधडी टाकलीय. त्यानं मोटारसायकलची किल्ली कानात घालून फिरवली. कान सुरू झाला नाही, फक्त दुखायला लागला. पण ‘कान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसानं ऐकू येत नाही हे सांगायचं कुणाला? पोहणारा बुडाला, आचाऱ्याला चव कळेना, त्यातलाच प्रकार. शिवाय चार वाजता गाडी भरायची होती. तो टोले देत गेला आणि ड्रमवर खडूनं पास झाल्याची खूण करत गेला. बेचाळीस ड्रम झाले. आवाज सगळ्यांचा सारखाच येत होता, म्हणजे सगळे चांगले असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं.

जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर बाळासोनं त्याला मान वाकडी करून डोकं झटकताना पकडलं. बाळासो मदतीला सदैव तयार असणारा माणूस. म्हणून लोक त्याच्यापासून दुखणी लपवायचे. त्यानं आधी जिनेंद्रला एका पायावर उड्या मारायला लावल्या. गेटवरच्या नव्या वॉचमनला वाटलं, सुरक्षेची कवायत चाललीय. नोकरीत आठवडाच झाला होता, तोही कोपऱ्यात एका पायावर उड्या मारायला लागला आणि बंद करा असं कुणी न सांगितल्यामुळं बराच वेळ मारत राहिला.

पाणी निघालं नाही. मग बाळासोच्या अंगातला फाउंड्रीवाला जागा झाला. साच्यात ओल राहिली की काय होतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं: वितळलेलं लोखंड फुटून अंगावर येतं. त्यामुळं ओल दिसली की वाळवायची, हा त्यांचा धर्म. जिनेंद्रचं डोकं साच्यात बसवायचे वाळूचे गाभे भाजायच्या भट्टीच्या दारासमोर वीस मिनिटं ठेवलं गेलं. गाल भाजला, घाम फुटला, आणि पाणी होतं तिथंच राहिलं. तेव्हा बाळासोनं कास्टिंगमधली वाळू उडवायची हवेची नळी आणली. डावीकडनं एक फुर्र, म्हणाला, आणि उजव्या कानातनं पाणी बाहेर. जिनेंद्रनं मान पुढं केली. हा कारखाना सोडून जगात कुठं कुणी केली नसती.

नळीवर एक हात पडला. तो बयाबाईचा होता. गेली नऊ वर्षं ती जिनेंद्रच्या शेजारी जमिनीवर बसून तारेच्या ब्रशनं ड्रमवरची वाळू झाडायची.

“पडदा हाय त्यो कानाचा, साचा न्हवं,” ती बाळासोला म्हणाली. “हवा मारलास तर फाटंल. ठेव ती नळी.”

बाळासोनं नळी ठेवली. मग ती जिनेंद्रच्या उजव्या कानाशी वाकली आणि आवाज खाली घेतला.

“अठ्ठाविसावा वाजला न्हाय, पोरा. सकाळधरनं सांगावं का नको म्हणून बसलीया.”

खडूची खूण झालेल्यांतून तिनं तो ड्रम काढून टांगला आणि टोला दिला. जिनेंद्रला काहीच फरक कळला नाही. मग तिनं ड्रमवर डिझेल फासून पुसलं, वर पांढरा खडू चोळला. थोड्या वेळानं चिरेत मुरलेलं डिझेल बाहेर झिरपलं आणि त्या पांढऱ्यावर केसाएवढी ओली रेघ उमटली.

जिनेंद्र त्या रेघेकडं बघत राहिला. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत उतारावरून येणारा ट्रॅक्टर त्याला दिसला, आणि ब्रेकवर पाय दाबणारा कुणीतरी, ज्याला कोल्हापुरातला जिनेंद्र कोण हे कधी कळलंही नसतं.  तो उठून सरळ तात्यासोंच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगितलं: विहीर, किल्ली, बेचाळीस ड्रम.

तात्यासो पाच मिनिटं बोलले. पण रागाच्या भरात ते डाव्या बाजूला उभे राहून बोलले, त्यामुळं त्यातलं फार थोडं त्याला लागलं. बाळासोनं नंतर सारांश सांगितला: गाडी थांबलीय, तुला दवाखान्यात जायला सांगितलंय, आणि मधलं काही सांगण्यासारखं नाही.

कानाच्या डॉक्टर नंदिनीताईंनी दुर्बिणीतून बघितलं. पाणी केव्हाच वाळलं होतं. त्यानं फुगलेला मळ वाट अडवून बसला होता आणि किल्लीच्या ओरखड्यात जंतूंनी घर केलं होतं. त्यांनी मळ काढला, थेंब दिले. दहा दिवस कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. इथून पुढं पोहून आल्यावर कान खाली करून पाळी हळू ओढायची, पाणी आपसूक गळतं, वरून टॉवेलनं टिपायचं. तेल नको, काडी नको. “आणि किल्ली गाडीलाच लावा,” त्या म्हणाल्या. हवेच्या नळीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवला आणि ती थांबवणाऱ्या बाईला नमस्कार सांगा म्हणाल्या.

त्या दहा दिवसांत टोले बयाबाईनं दिले. जिनेंद्रनं फक्त ड्रम टांगले आणि उतरवले. अकराव्या दिवशी कान पुरता उघडला. तिनं एक ड्रम वाजवला, आवाज लांब गेला, पार भट्टीच्या पलीकडं, आणि जिनेंद्रला तो शेवटपर्यंत ऐकू आला. त्याला एकदम भरून आलं. आभार मानायची त्याला सवय नव्हती. घरात कुणी कुणाचे मानत नसत.  त्यानं तपासणीचा तक्ता घेतला, आपल्या नावाच्या जागी ‘बयाबाई’ लिहिलं आणि दोघांसाठी ओळ पुरत नाही म्हणून स्वतःचं नाव बारीक अक्षरात समासात सरकवलं. तात्यासोंची परवानगी त्यानं कान उघडायच्या आधीच काढली होती, या खेपेला त्यांना उजवीकडं उभं करून.

बयाबाईनं तक्ता लांब धरून वाचला.

“म्हंजे आता चुकलं तर मलाबी बोलणी व्हय?”

“व्हय, मावशी.”

“बरं,” ती म्हणाली, आणि हातोडी हातात असतानाच पदर खोचून त्याच्या शेजारी, पहिल्यांदाच स्टुलावर, बसली. “टांग फुडला.”